जुन्या खेळाचा जीर्णोद्धार आणि तो करणारे हात

खेळ म्हणजे अभ्यासांतून चोरलेला वेळ, असें मानणारी पिढी आणि खेळ घडविणें हाच जिचा चरितार्थ झाला आहे अशी पिढी, या दोन्ही आज एकाच छपराखालीं नांदत आहेत. पडद्यावरच्या व्हिडिओ गेमचें व्यसन मुलांना लागूं नये याची चर्चा घरोघर होते, आणि ती योग्यच आहे. परंतु हे खेळ कोणी तरी दिवसचे दिवस बसून तयार करीत असतो, त्याचें त्याला वेतन मिळतें, त्याच्या डोळ्यांवर व पाठीवर त्या कामाचा भार पडतो, आणि तो कोणी तरी कदाचित् आपलाच पुतण्या किंवा आपलीच भाची असेल, हा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो विचार वाचकांपुढें मांडावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पूर्णा हें रेल्वेचें गांव. येथून परभणीकडे, नांदेडकडे आणि हिंगोलीवरून अकोल्याकडे असे तिन्ही दिशांना रूळ जातात. एके काळीं येथल्या हुशार मुलानें रेल्वेंत चिकटावें, ही घरच्या माणसांची मोठी आकांक्षा असे. आज तसाच मुलगा नांदेडास अगर छत्रपती संभाजीनगरास शिकून पुण्याची गाडी धरतो, आणि संगणकाची व चित्रकलेची दोहोंची आवड असेल तर एखाद्या गेम स्टुडिओंत लागण्याचें स्वप्न पाहतो. रेल्वेच्या नोकरींतील पगार, बदल्या, रात्रपाळ्या आणि पेन्शन हें सारें वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होतें. त्यामुळें त्यांचा सल्ला कामाचा असे. या नव्या धंद्याविषयीं मात्र घरांत कोणालाच धड माहिती नसते. मग सल्ला एक तर साफ नकाराचा असतो, नाहीं तर डोळे मिटून दिलेल्या होकाराचा. दोहोंतही मुलाचें हित नाहीं.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैसे लावून खेळण्याचे जे खेळ मोबाइलवर बोकाळले होते, त्यांचा आणि या धंद्याचा संबंध लावूं नये. केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२५ मध्यें जो कायदा केला, त्यानें पैशाच्या पणाचे खेळ निषिद्ध ठरविले. परंतु मनोरंजनाचे व कौशल्यस्पर्धेचे खेळ त्यांतून स्पष्टपणें वेगळे काढले. आपण येथें बोलत आहों तें या दुसऱ्या प्रकाराविषयीं. अशा मोठ्या खेळाची घडण चित्रपटासारखी असते. कोणी कथा लिहितो, कोणी पात्रांचीं रूपें रेखाटतो, ॲनिमेटर त्यांना चालवितो व पळवितो, प्रोग्रॅमर सर्वांना नियमांच्या सूत्रांत बांधतो, कोणी संगीत देतो, आणि टेस्टर म्हणून नेमलेली माणसें तोच प्रसंग शेंकडों वेळां खेळून त्यांतले दोष हुडकून काढतात. शेंकडों माणसें तीन-चार वर्षें खपतात, तेव्हां एक मोठा खेळ उभा राहतो.

आपल्या देशांत हा धंदा शिरला तो मात्र पुढच्या दारानें नव्हे. बंगलोरास १९९७ सालीं निघालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही आपल्याकडील आरंभींच्या संस्थांपैकीं एक. पुढें अशा अनेक संस्था निघाल्या. पण त्यांतील पुष्कळांचें काम परदेशी कंपन्यांच्या खेळांचे तुकडे करून देण्याचें असे. येथें एक गाडी रेखाटावी, तेथें एक वाडा उभा करावा, दुसऱ्याचा खेळ तपासून द्यावा. संपूर्ण खेळ कसा असावा हें ठरविण्याचा अधिकार सातासमुद्रांपलीकडे. पुण्याची कथा यांतलीच. फ्रान्समध्यें गिलमो नांवाच्या पांच भावांनीं १९८६ सालीं युबिसॉफ्ट ही कंपनी काढली. त्यांतल्याच एका भावानें पुढें गेमलॉफ्ट ही दुसरी कंपनी काढली. तिचा पुण्यांतील स्टुडिओ २००८ सालीं युबिसॉफ्टकडे आला. २०१८ मध्यें कंपनीनें मुंबईसही एक स्टुडिओ उघडला. पुण्याच्या मंडळींनीं खेळांची चांचणी केली, ‘जस्ट डान्स’ या नृत्याच्या खेळाच्या आवृत्त्यांना हातभार लावला, आणि हळूहळू कामांत हात बसविला. मग २०२० सालीं त्यांच्या हातीं एक असें काम आलें, कीं ज्यानें साऱ्या जगाचे डोळे पुण्याकडे लागले. एका नामांकित जुन्या खेळाला नवें रूप देण्याचें, ज्याला या धंद्यांत ‘रीमेक’ म्हणतात, तें तें काम होतें.

रीमेक म्हणजे काय, हें पूर्णेच्या माणसास समजावून सांगणें सोपें आहे. येथला मीटरगेज मार्ग बदलून ब्रॉडगेज झाला, तेव्हां गांवें तींच राहिलीं, स्टेशनांचीं नांवें तींच राहिलीं. पण एक मीटर रुंदीच्या रुळांच्या जागीं साडेपांच फुटी रूळ आले, आणि जुनें एकही इंजिन किंवा डबा त्या नव्या रुळांवर चालूं शकला नाहीं. जुन्या खेळाचेंही तसेंच आहे. ज्या मूळ यंत्रणेवर तो उभा असतो तिला या धंद्यांतही ‘इंजिन’ असाच शब्द आहे. तें बदललें कीं पात्राची उडी, तलवारीचा वार, भिंतीवरून धांवण्याचा वेग, सर्व नव्यानें बसवावें लागतें. शिवाय येथें एक अडचण रेल्वेपेक्षां मोठी आहे. प्रवाशास गाडी वेळेवर पोंचली म्हणजे पुरे. परंतु ज्यानें लहानपणीं तो खेळ खेळला आहे, त्याच्या मनांत त्याची एक मूर्ति बसलेली असते, आणि ती प्रत्यक्षाहून नेहमींच सुंदर असते. म्हणून या कामाला मी जीर्णोद्धार म्हणतों. औंढा नागनाथास जाणाऱ्यांनीं देवळाचा खालचा कोरीव दगडी भाग आणि त्यावरचा मागाहून बांधलेला भाग पाहिलाच असेल. वरचें काम श्रद्धेनें झालें आहे यांत शंका नाहीं. तरी पाहणाऱ्याची नजर दोहोंची तुलना केल्यावांचून राहत नाहीं. जीर्णोद्धार करणाराच्या नशिबीं ही तुलना कायमची लिहिलेली असते.

पुण्यास आलेला खेळ होता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतला. तिचा उगम जाणून घेण्यासारखा आहे. जॉर्डन मेकनर नांवाच्या अमेरिकन तरुणानें १९८५ सालीं आपल्या धाकट्या भावाला धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रीकरण केलें, आणि त्यावरून एकेक आकृति उतरवून संगणकावरील राजपुत्र चालता केला. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या खेळांतील हालचाल इतकी सजीव होती कीं पाहणारे थक्क झाले. त्या काळच्या संगणकाची स्मरणशक्ति इतकी तोकडी, कीं नव्या शत्रूचें चित्र सांठविण्यास जागा उरली नव्हती. तेव्हां मेकनरनें राजपुत्राचेंच चित्र उलटसुलट करून त्याची छाया हाच त्याचा प्रतिस्पर्धी बनविला. अडचणींतून कल्पना जन्मते ती अशी. पुढें या खेळाची मूळ संगणकीय संहिता हरवली. ती २०१२ सालीं मेकनरच्या वडिलांना घरांतल्या अडगळींत सांपडली, आणि मेकनरनें ती सर्वांसाठीं खुली केली. वडील माणसांनीं कांहीं फेंकून न देण्याची संवय किती उपकारक ठरते, याचें हें एक उदाहरण मानावें!

२००३ सालीं युबिसॉफ्टच्या कॅनडांतील माँट्रियल स्टुडिओनें याच मालिकेंत ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ काढला, आणि त्याची गणना उत्कृष्ट खेळांत झाली. त्यांतील राजपुत्राजवळ एक खंजीर असतो. चूक झाली कीं त्याच्या योगानें काळ थोडा मागें फिरवितां येतो. आपल्या दृष्टीनें गमतीची गोष्ट ही, कीं कथेचा आरंभ हिंदुस्थानांतील एका महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीनें होतो, आणि नायिका फराह ही त्या महाराजाची कन्या. म्हणजे इराणी राजपुत्राची आणि हिंदी राजकन्येची कथा कॅनडांत रचली गेली, आणि सतरा वर्षांनीं तिचा जीर्णोद्धार पुण्या-मुंबईच्या हातीं आला. तुकडे करून देणाऱ्या मंडळींना अखेर सबंध देऊळ मिळालें, असेंच तेव्हां अनेकांना वाटलें.

पुढें घडलें तें थोडक्यांत असें. १० सप्टेंबर २०२० रोजीं कंपनीनें हा रीमेक जाहीर केला आणि २१ जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख दिली. त्याची किंमतही मोठ्या नव्या खेळांच्या ६० डॉलरऐवजीं ४० डॉलर ठेविली होती; यावरून बेत माफक होता हें उघड दिसतें. परंतु नमुन्याची ध्वनिचित्रफीत बाहेर पडतांच जगभरच्या चाहत्यांनीं नाकें मुरडलीं. चेहरे निर्जीव आहेत, रंग जुनाट आहेत, असा गिल्ला झाला. आणि कित्येकांनीं हें काम हिंदुस्थानांत दिल्याचाच हा परिणाम, असें बोलण्यासही कमी केलें नाहीं. महामारीचे ते दिवस. माणसें घरोघरीं बसून काम करीत होतीं. प्रकाशन आधीं मार्च २०२१ पर्यंत आणि मग बेमुदत पुढें गेलें. मे २०२२ मध्यें काम पुण्या-मुंबईहून काढून माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोंपविण्यांत आलें. पुण्या-मुंबईच्या कामाच्या पायावरच पुढें जाऊं, असें कंपनीनें त्या वेळीं म्हटलें होतें. त्याच वर्षीं आगाऊ नोंदणीचे पैसे गिऱ्हाइकांना परत मिळाले. २०२४ सालीं २०२६ चा वायदा झाला. आणि जानेवारी २०२६ मध्यें कंपनीनें एकदम सहा खेळ रद्द केले, त्यांत हाही रद्द झाला.

या अखेरच्या घटनेकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. पुण्याच्या हातांना बोल लावणाऱ्यांनीं हें पाहिलें पाहिजे, कीं ज्या माँट्रियलनें मूळ खेळ घडविला होता त्या माँट्रियलच्या हातींही तो जीर्णोद्धार तडीस गेला नाहीं. म्हणजे दोष केवळ हातांचा नव्हता. याच्या उलट उदाहरण पोलंडांतील क्राकोव्ह शहरांत घडलें. ‘सायलेंट हिल २’ हा २००१ सालचा जपानी भयकथेचा खेळ. त्याचा रीमेक तेथील ब्लूबर टीम या स्टुडिओकडे दिल्याचें ऑक्टोबर २०२२ मध्यें जाहीर झालें, तेव्हां तेथेंही नमुने पाहून चाहत्यांनीं टीकेचा भडिमार केला. पण काम त्यांच्याकडून काढून घेण्यांत आलें नाहीं. मूळ खेळाचे संगीतकार अकिरा यामाओका आणि चित्रकार मासाहिरो इतो हे दोघे त्यांच्या जोडीस होते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें तो खेळ बाहेर पडला, तेव्हां टीका करणाऱ्यांनींच त्याची वाखाणणी केली. माझ्या मतें या तुलनेचा बोध स्पष्ट आहे. जीर्णोद्धारास कुशल गवंडी तर हवाच. पण त्याला पुरेसा अवधि, मूळ कारागिरांचा सहवास आणि टीकेच्या दिवसांत पाठीशीं उभा राहणारा यजमान हेही हवेत. नवशिक्याला पहिलेंच काम जगांतील लाडक्या वस्तूचें द्यावें, आणि लोक ओरडले म्हणजे तें काढून घ्यावें, यानें देऊळ होत नाहीं आणि गवंडीही घडत नाहीं.

खेळ रद्द झाला म्हणजे तो घडविणाराचें काय होतें? सुतारानें केलेला पाट मोडला तरी दहा माणसांनीं तो पाहिलेला असतो. येथें गुप्ततेचे करार असतात. अप्रकाशित काम बहुधा कोणास दाखवितांही येत नाहीं. तरुण वयांतील दोन-तीन वर्षें ओतून केलेलें काम नव्या मालकापुढें ठेवितां येत नाहीं, आणि ज्या नामावळींत आपलें नांव आईला दाखवावयाचें होतें ती नामावळी कधीं निघतच नाहीं. कथेंतील राजपुत्राला काळ मागें फिरवितां येतो. त्याच्या कारागिराला तो येत नाहीं.

दुसरा प्रश्न कामाच्या तासांचा. प्रकाशनाची तारीख जवळ आली कीं आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस राबण्याची जी चाल या धंद्यांत आहे, तिला ‘क्रंच’ म्हणतात. ती जगाच्या नजरेस आणली ती एका घरच्याच माणसानें. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य अमेरिकन कंपनींतील एका नोकराच्या वाग्दत्त वधूनें नोव्हेंबर २००४ मध्यें निनांवी पत्र प्रसिद्ध करून, आपला भावी पति आठवड्यास ऐंशींहून अधिक तास जादा वेतनावांचून कसा राबतो, हें सांगितलें. त्यानंतर गाजलेल्या दाव्यांत चित्रकारांना व प्रोग्रॅमरांना मिळून सुमारें ३ कोटी डॉलर देण्याची पाळी त्या कंपनीवर आली. घरांतील माणसांनीं डोळे उघडे ठेविले तर काय होऊं शकतें, याचा हा धडा आहे. तरी चाल मेली नाहीं. २०२० सालीं पोलंडांतील सीडी प्रोजेक्ट या कंपनीनेंही अखेरच्या आठवड्यांत सहा दिवसांचा आठवडा लादला होता.

तिसरा प्रश्न स्थैर्याचा. २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षीं जगभरांतील या धंद्यांतून दर वर्षीं दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसें कमी करण्यांत आलीं. त्यांत नावाजलेल्या खेळांचे कर्तेही होते. चौथा प्रश्न मुलींच्या आई-बापांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. जुलै २०२५ मध्यें फ्रान्समधील बोबिन्यी येथील न्यायालयानें युबिसॉफ्टच्या तीन माजी अधिकाऱ्यांना कचेरींतील छळाबद्दल दोषी ठरवून स्थगित कारावासाच्या शिक्षा दिल्या. हें प्रकरण २०२० सालीं पीडित स्त्रियांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोंड उघडल्यामुळें बाहेर आलें. यावरून मुलींनीं या धंद्यांत जाऊं नये असें अनुमान काढणें चुकीचें होईल. तक्रार कोणाकडे करावयाची आणि ती ऐकली जाते काय, हें आधीं विचारावें, एवढेंच अनुमान योग्य.

असें असतां मुलाला या वाटेनें जाऊं द्यावें काय? मी म्हणेन, अवश्य द्यावें, पण डोळसपणें. पुण्यांतच याचें आशादायक उदाहरण आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें ‘राजी’ नांवाचा खेळ रचला. हरवलेल्या भावाचा शोध घेणारी एक मुलगी, तिच्या पाठीशीं दुर्गा व विष्णु, आणि आपल्या लघुचित्रांच्या वळणाचीं दृश्यें. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. तरी नेटानें काम करून त्यांनीं २०२० सालीं तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं जागतिक पारितोषिकांत उत्तम पदार्पणाच्या खेळांमध्यें त्याचें नामांकन झालें. ज्या वर्षीं परक्याच्या देवळाच्या जीर्णोद्धारावरून पुण्यास दूषणें मिळालीं, त्याच वर्षीं पुण्याच्याच दुसऱ्या मंडळींनीं स्वतःचें लहान देऊळ बांधून दाखविलें. हात तेच होते. ठरविण्याचा अधिकार मात्र आपला होता.

म्हणून घरच्या बैठकींत मुलास ‘खेळांत काय ठेवलें आहे?’ असें विचारण्यापेक्षां दुसरे प्रश्न विचारावे. ज्या स्टुडिओंत तूं जाणार, तेथें संपूर्ण खेळ होतात कीं तुकडे? प्रकाशनाच्या आधीं तास किती वाढतात, आणि वाढलेल्या तासांचें वेतन मिळतें काय? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याखालीं सामान्य कर्मचाऱ्यास आठवड्यास ४८ तासांची मर्यादा व त्यापुढील कामास दुप्पट दर सांगितला आहे. व्यवस्थापकांना मात्र तो लागू नाहीं, म्हणून नेमणूकपत्रांत पदाचें नांव काय लिहिलें आहे तें वाचावें. काम सोडलें तरी नामावळींत नांव राहतें काय? खेळ रद्द झाल्यास कोणतें काम दाखवितां येईल? नोकरी गेली तर सहा महिन्यांचा खर्च हाताशीं आहे काय?

या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर एकत्र कुटुंबापाशीं आहे, आणि त्यांतच आपल्या घरांचें बळ आहे. नोकरी सुटलेला मुलगा पुण्याहून पूर्णेस परतला, तर त्याला ‘खेळाच्या नादीं लागलास, भोग फळें’ असें न ऐकवितां दोन वेळचें अन्न आणि पुढील कामासाठीं स्वस्थपणा देणारें घर असेल, तर तो पहिल्याच अपयशानें खचणार नाहीं. ज्या घरांनीं पूर्वी मुलगा रात्रपाळीहून परतेपर्यंत दिवा जागता ठेविला, त्यांना हें अवघड नाहीं. एवढेंच, कीं मुलगा काय काम करतो तें समजून घेण्याची उत्सुकता वडिलांनीं दाखविली पाहिजे. आणि त्यानें घडविलेला खेळ बाहेर पडेल त्या दिवशीं आजोबांनींही चष्मा पुसून नामावळींत त्याचें नांव शोधलें पाहिजे.